म्हस्के सर आणि माझे एकडोळे बेडूक

यासिनभाई सायकल मारत नगरहून भिंगारपर्यंत आले, तेव्हा मी पावसाची उघडीप बघून अंगणात मिरच्या वाळत घालत होते. यासिनभाई म्हणजे आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाचे शिपाई. सायकल भिंतीला टेकवून ते म्हणाले, "बाई, म्हस्के सर गेले. पहाटे छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायच्या आत संपलं सगळं." मी "बरं" म्हटलं आणि उरलेल्या मिरच्या पसरल्या. आई आतून ओरडली, "कोण गेलं गं?" "आमचे विभागप्रमुख." "अगं मग हातातलं ठेव की खाली!" मी ठेवलं नाही. यासिनभाई बिचारे उभेच. बाई रडतील, निदान पदर तरी डोळ्याला लावतील, असं त्यांना वाटलं असावं. मला रडू आलं नाही, राग आला. दीड वर्ष ज्या माणसाशी मी कामापुरतंसुद्धा धड बोलले नव्हते, तो माझा हिशेब पुरा व्हायच्या आत उठून चालता झाला. याला काय अर्थ आहे!

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. या पुरवणीचे संपादक मला तेच म्हणाले. "शेळके बाई, तुम्ही म्हस्के सरांच्या हाताखाली काम केलंत, त्यांच्यावर दोन चांगले शब्द लिहा." मी म्हटलं, दोन चांगले लिहीन, बाकीचे माझ्या मनाचे लिहीन, चालत असेल तर बघा. ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. शोकसभेत काय काय ऐकलं मी! कुणी म्हणालं ज्ञानमहर्षी, कुणी म्हणालं अजातशत्रू. अजातशत्रू! मी तिसऱ्या रांगेत बसले होते, चांगली धडधाकट.

आधी ते दोन चांगले शब्द लिहून टाकते, म्हणजे माझ्यावर काही राहायला नको. म्हस्के सरांचा हात सोन्याचा होता. राहुरीकडच्या शेतकऱ्याच्या घरचा माणूस, बोटं ही अशी जाडजूड, पण त्या बोटांत सुई धरली की ती थरथरणं विसरायची. मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा मला धड कात्री धरता येत नव्हती. सरांनी समोर बसवून शिकवलं. सुईचं टोक दगडावर कसं घासायचं, मेणाच्या बशीत खळगा करून त्यात मोहरीएवढा जीव कसा निजवायचा, डोक्याच्या केसाचा फास करून त्याला न दुखवता कसा हलवायचा. "श्वास सोडताना कापायचं, बाई. घेताना कापलं की हात उचलतो." आजही मी श्वास सोडतानाच कापते. भाजीसुद्धा. झाले दोन शब्द.

आमचं भांडण सुरू झालं ते अगदी साध्या प्रश्नावरून. बेडकाच्या अंड्यात शेपटीचा कोंब फुटतो त्या सुमाराला डोळ्याच्या जागी नुसता एक फुगवटा असतो. पुढे त्यातून कोळ्याच्या धाग्याहून बारीक असे मज्जातंतू निघतात आणि मेंदूकडे चालू लागतात. वाट कुणी दाखवलेली नसते. तरी डोळ्याच्या वरच्या कडेचा तंतू मेंदूतल्या एका ठरलेल्या जागी पोचतो आणि खालच्या कडेचा दुसऱ्या. हे त्यांना कळतं कसं? सर म्हणायचे, कळायचं काय त्यात? "पाटाचं पाणी पाटानं जातं. पाण्याला अक्कल लागत नाही. आधी वाट तयार होते, तंतू नुसता घरंगळत जातो." मी म्हणायचे, नाही सर, तंतूला आपलं घर ठाऊक असतं. माझ्या मामाने भिंगारच्या बाजारात बैल विकला होता, तो दावं तोडून दोन गावं ओलांडून पुन्हा मामाच्याच गोठ्यात आला, तसं. सर हसले. म्हणाले, "बैलाचं राहू द्या. बेडकाला विचारा."

आणि बेडकाला विचारता येत होतं, हीच तर गंमत. टॅडपोल होण्याआधी, तंतू निघायच्या आत, तो डोळ्याचा फुगवटा सुईने सोडवायचा आणि वरची बाजू खाली, पुढची मागे अशी फिरवून तिथंच बसवायचा. तासाभरात जखम मिटते. दुसरा डोळा काढून टाकायचा, म्हणजे बेडूक चांगल्या डोळ्याने बघून आपल्याला फसवणार नाही. आता सरांचं खरं असेल, तर फिरवलेल्या डोळ्याची आत्ता वर आलेली कड वरचाच पाट धरणार आणि बेडकाला सगळं नीट दिसणार. माझं खरं असेल, तर प्रत्येक तंतू आपलं जुनं घर शोधणार आणि बेडकाला जग उलटं दिसणार. माशी डोक्यावर धरली की तो खाली चिखलात तोंड आपटणार. परदेशात हे करून झालंय, असं ऐकून होते. पण आपल्या ओढ्यातल्या बेडकावर आपल्या हाताने करून बघावं, असं मला वाटत होतं, आणि सरांना पाटावरून उठवायची हौस होती ती वेगळीच.

नगरात अंडी कुठली मिळायला? आमचा भाग कोरडा. मग पावसाळ्यात एस.टी.ने आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्यावरून थेट राजूर गाठायचं. तिथं डोंगरात पाण्याला तोटा नाही. पहिल्या वर्षी ज्या बाईंच्या पडवीत मी उतरले त्या हौसाबाई मला बघून तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बया! बेडकाची अंडी न्यायला एवढ्या लांबून आलीस व्हय? नगरात खायाला न्हाई का काय?" मी समजावून सांगितलं, डोळे फिरवायचेत. त्या जरा विचार करून म्हणाल्या, "कुनाचं तरी फिरलंय खरं." तरी दुसऱ्या दिवशी त्याच माझ्याबरोबर गुडघाभर चिखलात उतरल्या. कडीच्या डब्यात पाणी आणि अंड्यांचा पुंजका, वर फडकं बांधलेलं, डबा मांडीवर. कंडक्टरने विचारलं, काय आहे? मी म्हटलं भिजवलेला साबुदाणा. दिसतोही तसाच. तो म्हणाला, "उपास वाटतं?" आणि मला पुढच्या सीटवर बसवलं, हिसके कमी बसतात म्हणून.

त्या वर्षी मी हरले. बेडूक वाढले, एकडोळे, फिरवल्या डोळ्याचे, पण माशी वर धरली की वर झेप, खाली धरली की खाली. सर तर खूष! स्टाफरूममध्ये शिरताना मला बघितलं की दारातून म्हणायचे, "पाट, शेळके बाई, पाट!" गणिताच्या लोकांना काही कळायचं नाही, तेही हसायचे. मी रात्रंदिवस तेच घोकत होते आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की मी घाई केली. फार कोवळेपणी फिरवला तर डोळा नव्या जागेला आपली मानतो. जरा थांबायला हवं. एक वेळ अशी येत असणार, की तिच्यानंतर डोळ्याला आपलं वर आणि आपलं खाली पक्कं कळलेलं असतं. तंतू तर अजून निघालेलाही नसतो, पण पत्ता ठरलेला असतो.

पुढचं साल दुष्काळाचं. त्याच्याबद्दल मी वेगळं सांगायला नको, नगर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला ते साल विसरता यायचं नाही. खडी फोडायच्या कामांवर सगळा जिल्हा होता. मी मात्र पुन्हा राजूरला. तिथंही ओढे नेहमीसारखे नव्हते. हौसाबाई म्हणाल्या, "मानसाला पानी न्हाई आन् हिला बेडूक पायजेत." पण शोधून दिली त्यांनीच. या खेपेला मी थांबले. शेपटीचा कोंब चांगला लांबला, तेव्हा डोळे फिरवले. पुष्कळ मेले. जे जगले त्यांना आमच्या वाटणीच्या पाण्यातून पाणी दिलं. आई म्हणायची, "आधी बेडकांचं होऊ दे, मग मी आंघोळ करते." टोमणाच तो, पण करायची तसंच. दिवाळीच्या सुमारास मी एका बेडकासमोर दोऱ्याला बांधलेली माशी वर धरली. तो थबकला आणि खाली, थेट मातीत तोंड आपटलं त्याने. मी पुन्हा धरली. पुन्हा तेच. माशी समोर धरली तर मागे वळला. एकूण एक बेडूक तसेच! मी प्रयोगशाळेत एकटी होते, मोठ्याने ओरडले, "अहो, आला, बैल घरी आला!"

सर बघायला आले. मी दोरा त्यांच्याच हातात दिला. त्यांनी माशी वर नाचवली, बेडकाने खाली झेप घेतली. त्यांनी दुसरा बेडूक घेतला, तिसरा घेतला. मग चष्मा काढून धोतराला पुसला आणि म्हणाले, "शिकतील हळूहळू. एवढ्याने काही सिद्ध होत नाही." मी म्हटलं ठीक, शिकू द्या. महिने गेले, एकही शिकला नाही. आयुष्यभर शिकणार नव्हते ते. मधे मी सुटीत मामाकडे गेले, तेव्हा सरांनी स्वतः त्यांना भरवलं, चिमट्याने, तोंडात घालून, कारण असले बेडूक आपल्या हिकमतीवर जगत नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. कारण पुढे तेच म्हणाले, की बेडूक ओळखू आले नाहीत.

आता यात माझं काय पणाला लागलं होतं ते ऐका. मुंबईचे एक मोठे प्राध्यापक, याच विषयातले, यांना मी कळवलं होतं. त्यांचं उत्तर आलं की मार्चअखेर पुण्याला येतोय, तसाच नगरला येईन, बेडूक माझ्या डोळ्यांनी बघेन, आणि तुम्ही म्हणता तसं असेल तर माझ्याकडे संशोधनाला एक जागा आहे. जागा! खरा मायक्रोस्कोप, बारा महिने पाणी, आणि दिवसभर हेच काम. नाहीतर मी जन्मभर बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणारी डेमॉन्स्ट्रेटर. भावाचं लग्न झालेलं, आई म्हणाली मी येते तुझ्याबरोबर मुंबईला, समुद्र बघेन. मी तिच्यासाठी चपला घेऊन ठेवल्या होत्या.

मुंबईचे सर यायचे होते त्याच्या आदल्या आठवड्यात बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा. बेडकाच्या डोक्यातल्या नसा सोडवून दाखवायच्या. दरवर्षी बेडूक बाहेरून मागवायचे, त्या साली कुठून यायचे? ओढे कोरडे, पुरवणाऱ्याने हात वर केले. आणि आमच्या कॉलेजला परीक्षेचं केंद्र पहिल्यांदाच मिळालेलं. परीक्षेच्या सकाळी म्हस्के सर मला म्हणाले, "शेळके बाई, बाहेरचे परीक्षक येताहेत, तुम्ही स्टेशनवर जा त्यांना घ्यायला." मी गेले. मला बरंसुद्धा वाटलं, मान दिला म्हणून. गाडी उशिरा आली. परीक्षकांना टांग्यात बसवलं, त्यांना नगरची माहिती सांगत सांगत आणलं, त्यांची बॅगसुद्धा मीच धरली. प्रयोगशाळेच्या दारात यासिनभाई उभे. तोंड राख झालेलं. "बाई, मी बोललो सरांना, हे बाईंचे हायेत म्हणून. दोनदा बोललो..."

आत ट्रेवर ट्रे मांडलेले. माझे बेडूक क्लोरोफॉर्म देऊन टाचण्यांनी टाचलेले, उताणे नाही, पालथे, कारण नसा डोक्याच्या. आणि त्या नसा सोडवायच्या तर पहिलं काम कोणतं? डोळा काढून टाकायचा. पोरं डोळे काढून ट्रेच्या कडेला ठेवत होती. माझ्याच एका विद्यार्थिनीने मला नंतर रडत रडत सांगितलं, की तिने उठून विचारलं होतं, "सर, याला एकच डोळा आहे." आणि म्हस्के सर म्हणाले, "मग एकाच बाजूच्या नसा दाखवा." हे वाक्य मी दीड वर्ष रोज चघळलंय. मग एकाच बाजूच्या नसा दाखवा!

मी परीक्षकांसमोर काही बोलले नाही. संध्याकाळी म्हस्के सरांच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. म्हटलं, का केलंत? ते म्हणाले, "घाईत लक्षात आलं नाही. साधे बेडूक वाटले." मी म्हटलं, "एकडोळे, सर? तुम्ही भरवलेले?" त्यावर म्हणाले, "बाई, बेडूक पुन्हा मिळतात. परीक्षा पुन्हा होत नाही. मुलांचं वर्ष गेलं असतं." मी म्हटलं, "मुलांना झुरळ देता आलं असतं, गांडूळ देता आलं असतं, परीक्षक काही मान कापत नव्हते. तुम्हाला केंद्र राखायचं होतं, आणि तुमचा पाट राखायचा होता." मी त्यांना तिथंच सांगून टाकलं, "सर, मी तुम्हाला सोडणार नाही."

मुंबईच्या सरांना कळवलं. त्यांनी मोठ्या सभ्यपणे लिहिलं, की वाईट वाटलं, पण बघायला काही उरलं नाही तेव्हा येण्यात अर्थ नाही, आणि जागा तर रिकामी ठेवता येत नाही. ती एका मुलाला मिळाली. त्यानंतर राजूरची वाट मी धरलीच नाही. आईच्या चपला मी मामीला देऊन टाकल्या. आईने कधी विचारलं नाही कुठं गेल्या म्हणून.

आणि मी सोडलं नाही. त्याच जूनमध्ये प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती, सगळ्यांनी म्हस्के सरांचं नाव धरलेलं. संस्थेच्या अध्यक्षांनी विभागातल्या लोकांना एकेक करून बोलावलं, माझंही मत विचारलं. मी सगळं सांगितलं, पहिल्या अंड्यापासून शेवटच्या ट्रेपर्यंत. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. यासिनभाईंना साक्षीला उभं केलं. अध्यक्ष व्यापारी माणूस, त्यांना मज्जातंतूतलं काय कळणार, पण दुसऱ्याच्या पेढीतला माल न विचारता उचलला, हे त्यांना नीट कळलं. प्राचार्यपद गेलं. बाहेरचा माणूस आणला. मी पेढे आणले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर म्हटलं, असेच. सरांच्या समोरही पुडा धरला. सगळी स्टाफरूम श्वास रोखून बघत होती. सरांनी एक उचलला, सावकाश खाल्ला, बोटं रुमालाला पुसली आणि म्हणाले, "कंदी आहेत वाटतं. छान आहेत." जळला मेला तो पेढा! त्यांनी मला तेवढंही सुख मिळू दिलं नाही.

त्यानंतर "होय सर" आणि "नाही सर", याखेरीज माझ्याकडून त्यांना काही मिळालं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही. ते वर्गात आले की मी बाहेर. लोक म्हणायचे, बाई, पुरे आता, वडिलांच्या वयाचा माणूस. मी म्हणायचे, वडिलांनी माझे बेडूक मारले असते तर वडिलांशीही बोलले नसते. त्या दिवाळीनंतर मात्र त्यांनी एक नवीनच सुरू केलं. जाता येता माझ्या टेबलाशी थांबायचे. "बाई, एकदा सावेडीला या घरी. काहीतरी दाखवायचंय." सावेडीच्या माळावर त्यांनी नवं घर बांधलं होतं. मला वाटलं घर दाखवायचं असेल. मी म्हणायचे, "वेळ नाही, सर." पुन्हा महिन्याने, "आलात तर बरं होईल." "बघू, सर." उन्हाळा गेला, पावसाळा आला. शेवटचं त्यांनी विचारलं ते श्रावणात, जिन्यावर. एक हात कठड्यावर, दम लागलेला. "शेळके बाई... सावेडीला..." मी म्हटलं, "परीक्षकांना आणायचं आहे का, सर?" आणि खाली उतरून गेले. ते हसले की काय केलं, मी मागे वळून बघितलं नाही.

भाद्रपदात ते गेले. मी अंत्ययात्रेला गेले नाही, तेराव्याला गेले नाही. शोकसभेला गेले ती लोक काय खोटं बोलतात ते ऐकायला. मग एक दिवस यासिनभाई पुन्हा भिंगारला आले. "बाई, काकूंनी निरोप दिलाय. म्हणतात, त्या बेडकाचं काय करायचं ते शेळके बाईंनाच विचार." मी म्हटलं, "कुठला बेडूक?"

घराच्या मागच्या अंगाला, मोरीला लागून, सिमेंटचा एक छोटा हौद. वर जाळी, जाळीवर वीट. काकू म्हणाल्या, "गेल्या पावसाळ्यात हे राजूरला गेले होते. मी म्हटलं या वयात चिखलात कुठं जाता. डबा भरून काय ती घाण घेऊन आले आणि दोन महिने जेवणाच्या टेबलावर तो मायक्रोस्कोप. पुष्कळ मेले. हा एकच राहिला. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, शेळके बाई आल्या की दाखवीन. तुम्ही काही आला नाहीत." मी वीट काढली, जाळी काढली. चांगला वाढलेला बेडूक. डावा डोळा नाही. काकूंनी हौदाच्या कडेवरचा दोरा माझ्या हातात दिला, त्याला टोकाला माशी होतीच. मी वर धरली. तो थबकला... आणि खाली आपटला.

म्हणजे हे दाखवायचं होतं. पाटाचं पाणी पाटाने जात नाही, हे म्हस्के सरांनी आपल्या हाताने करून बघितलं, आणि बघून झाल्यावर वर्षभर माझ्या टेबलाशी येऊन "सावेडीला या" म्हणत राहिले. मला तिथं उभ्या उभ्या इतका संताप आला की दोरा फेकून दिला. अहो, तोंडाने सांगता येत नव्हतं? "बाई, तुमचं खरं होतं, मी चुकलो," चार शब्द, स्टाफरूममध्ये, ज्या दारातून "पाट पाट" ओरडायचात त्याच दारात उभं राहून? माझे बेडूक मारायला सगळं कॉलेज, बाहेरचे परीक्षक, मुलं, ट्रे. आणि कबुली द्यायला मोरीच्या कडेचा हौद, वर जाळी, जाळीवर वीट! काकू म्हणाल्या, "चांगलं केलं होतं ना त्यांनी?" मी वाकून बघितलं. सुईचा मागमूस नव्हता. डोळा असा बसवलेला, जसा काही तसाच जन्मला असावा. माझ्या बेडकांना एक बारीकसा वळ राहायचा, तोसुद्धा नाही. मी म्हटलं, "चांगलं केलंय." तेवढं खोटं बोलणं मला जमलं नाही.

तर मी ही कबुली आता चारचौघांत आणते. संपादकांनी काटछाट करू नये ही विनंती. म्हस्के सर चुकले होते. तंतूला आपलं घर ठाऊक असतं. हे त्यांनी आपल्या हाताने सिद्ध केलं, आणि माझ्यापेक्षा चोख केलं. पुढच्या पावसाळ्यात मी माझे बेडूक पुन्हा करीन, मुंबईला पुन्हा लिहीन. तो एक बेडूक मात्र मी माझा म्हणून कुणाला दाखवणार नाही. कुणी विचारलं, हा डोळा कुणी फिरवला, तर म्हस्के सरांचं नाव सांगावं लागेल. जन्मभर सांगावं लागेल, माझ्याच तोंडाने. यालाच म्हणतात मेल्यावरही दावा साधणं. आणि नाही, मी माफ केलेलं नाही. यासिनभाईंनी विचारलं, काकूंनी विचारलं, आईनेही विचारलं. नाही.

काकू म्हणत होत्या, विहिरीत सोडून देऊ का. मी म्हटलं, सोडू नका, उपाशी मरेल, माशी समोर असली तरी पाठ फिरवील. काकूंना भरवायच्या गांडुळांची किळस येते, आणि घरात दुसरं कुणी नाही. म्हणून कॉलेजला जायच्या आधी मी सायकलने भिंगारहून सावेडीला जाते. वीट काढते, जाळी काढते, चिमट्यात गांडूळ धरते. तो झेप घेतो, अर्थात उलटीकडे, आणि मग त्याचं तोंड उघडून घालावं लागतं. काल तीन वेळा घातलं, तिन्ही वेळा थुंकला आणि पुन्हा आपला भिंतीवर आपटायला निघाला. मला उशीर होत होता. मी ओरडले, "अहो सर, इकडे! इकडे बघा ना!" काकू आत कांदा चिरत होत्या. सुरीचा आवाज जरासा थांबला. त्या बाहेर आल्या नाहीत.